रुग्णालयाचे बांधकाम आणि रुग्णाचा श्वास

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी मी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा तुरीच्या बाजारभावावर अथवा आडत व्यवहारातील अडचणींवर लिहावे, असे प्रथम मनात आले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्याने गंजात बसून धान्याची घाऊक विक्री केली, त्याने धान्याविषयी बोलावे हेच शोभून दिसते. परंतु गेली दहा वर्षे एक निराळाच विषय माझ्या मनास टोचत आहे. मी वैद्य नाही आणि स्थापत्यविशारदही नाही; माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि या विषयात माझ्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार चूक करणाऱ्यास असतोच. सभासद बंधुभगिनींनी त्याच भावनेने हा लेख वाचावा, ही विनंती.

आपल्या बीदर व कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत पूर्वी मोठे दुखणे आले की सोलापूरची अथवा हैदराबादची वाट धरावी लागे. आता तशी स्थिती राहिली नाही. कलबुर्गीस १९६३ साली महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. बीदर येथे २००७ साली शासकीय वैद्यकीय संस्था उभी राहिली, तर कलबुर्गी येथे २०१३ साली. डिसेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेच्या ३७१ खाटांच्या नव्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले. घटनेच्या ज्या ३७१ (ञ) या कलमाने आपल्या प्रदेशास विशेष दर्जा दिला, त्याची आठवण ही खाटांची संख्या करून देते. याशिवाय भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, आळंद अशा गावी लहानमोठी खाजगी व धर्मादाय रुग्णालये वाढत आहेत. कोठे नवा मजला चढतो आहे, कोठे जुन्या वॉर्डाची फरशी उखडली जात आहे, तर कोठे शस्त्रक्रियागृहाची नवी मांडणी होत आहे. या कामी आपल्या समाजातील व्यापारी सढळ हाताने देणगी देतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. चार दानांमध्ये औषधदानाची गणना आपल्या पूर्वजांनी केलीच आहे.

परंतु देणगी देताना आपण काय विचारतो? खोली किती फूट, कोनशिलेवर नाव कोणाचे आणि उद्घाटनाचा मुहूर्त कोणता. काम चालू असताना शेजारच्या खोलीतील रुग्ण कोणती हवा आत घेणार, हा प्रश्न आपण विचारीत नाही. मीही विचारला नव्हता.

माझ्या हातून घडलेली चूक

सुमारे दहा वर्षांपूर्वी एका धर्मादाय रुग्णालयाच्या इमारत समितीवर मी होतो. रुग्णालयाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष त्या संस्थेचा नसून माझा होता. पुरुषांच्या वॉर्डाची जुनी भिंत पाडून दोन खोल्यांची एक खोली करावयाची, जुने छत उतरवावयाचे आणि फरशी बदलावयाची, असे काम होते. लगतच्या वॉर्डात रुग्ण होते. तेथील डॉक्टरीणबाईंनी समितीस सांगितले की, काम पुरे होईपर्यंत हे रुग्ण इमारतीच्या दुसऱ्या टोकास हलवावे आणि मध्ये पक्का आडोसा करावा. त्यास खर्च होता आणि आठदहा दिवसांचा विलंबही होता. इकडे उद्घाटनाचा मुहूर्त ठरला होता व निमंत्रणपत्रिका छापून तयार होत्या. मी म्हणालो, "बाई, एवढे कशास? माझ्या वखारीतून बारदान पाठवितो. दोन पदरी पडदे लावू, म्हणजे झाले."

त्या म्हणाल्या, "शेठजी, बारदान धूळ अडवीत नाही, गाळते. जाड असेल ती बाहेर राहते आणि बारीक असेल ती आत येते. आम्हांला भय त्या बारीक धुळीचेच आहे."

मी ऐकले नाही. पोत्यांचे पडदे लागले. ती पोतीही जुनी, तुरीच्या फोलाने व दमट वखारीच्या वासाने भरलेली. धूळ अडविण्यास मी धूळच टांगली, हे तेव्हा मला उमगले नाही.

त्याच सुमारास माझ्या वहिनींवर कर्करोगाचे औषधोपचार चालू होते. मुख्य उपचार मोठ्या शहरी होत. परंतु मधल्या काळात अशक्तपणा फार आल्याने त्यांना सलाईनसाठी याच रुग्णालयात ठेवले. घरचे रुग्णालय आहे, खाट चांगली मिळेल, म्हणून मीच शब्द टाकला होता. ती खाट पडद्यापासून दोन खाटा सोडून होती. दहाव्या दिवशी त्यांना ताप भरला व कोरडा खोकला सुरू झाला. नेहमीच्या औषधांनी ताप उतरेना. शहरी नेऊन छातीची तपासणी केली, तेव्हा फुप्फुसात बुरशी झाल्याचे निदान झाले. महागडी इंजेक्शने कित्येक दिवस द्यावी लागली, आणि तोपर्यंत कर्करोगाचे औषध थांबवावे लागले. वहिनी त्या बुरशीतून वाचल्या. पुढील वर्षी मात्र मूळ रोगाने गेल्या.

बुरशी त्या भिंतीच्या धुळीतूनच आली काय, असे मी शहरातील डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "तसे निश्चयाने सांगता येणार नाही. बुरशीचे कण सर्वत्र असतात. पण अशा रुग्णास अशा ठिकाणी ठेवावयास नको होते, एवढे सांगता येईल." माझ्या मोठ्या बंधूंनी मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. न दिलेला दोष अधिक जड असतो, हे ज्यांनी अनुभवले असेल तेच जाणतील.

बुरशी ही आपल्या ओळखीची वैरीण

यानंतर मी या विषयाची माहिती मिळविण्यास आरंभ केला. भेटेल त्या डॉक्टरास, इंजिनियरास विचारले. नातवंडांकडून वाचून घेतले. तेव्हा ध्यानात आले की, ज्या शत्रूविषयी आपण बोलत आहो तो व्यापाऱ्यास मुळीच अपरिचित नाही. ओलसर शेंगदाण्यावर हिरवट पिवळी बुरशी चढते, ती ॲस्परजिलस नावाच्या कुळातील. तिच्या विषामुळे १९६० साली इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, आणि तेव्हापासून शेंगदाण्याच्या व्यापारात तपासणीचा काच लागला. याच कुळातील दुसरी जात रुग्णाच्या फुप्फुसात शिरते. तिचे बीजकण दोनतीन मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या वीसपंचवीसाव्या हिश्श्याएवढे. ते जुन्या छतावर, भिंतीच्या पोकळीत, ओल धरलेल्या लाकडात वर्षानुवर्षे स्वस्थ पडून राहतात. घणाचा घाव बसला की उडतात आणि तासन् तास हवेत तरंगत राहतात.

निरोगी मनुष्य असे कण रोज श्वासाबरोबर घेतो व त्यास काही होत नाही. परंतु कर्करोगाच्या औषधांनी ज्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत, ज्यास दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले आहे, जो दीर्घकाळ स्टेरॉइड घेत आहे, जे बालक दिवस भरण्यापूर्वी जन्मले आहे, त्यास हेच कण प्राणघातक ठरतात. १९९८ साली सौदी अरेबियातील डॉक्टरांनी पाच रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या डोळ्यांत ही बुरशी झाली होती, आणि त्याचा संबंध रुग्णालयात चालू असलेल्या बांधकामाशी जुळला. आपल्या गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे भरतात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले.

आपल्याकडेही २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेबरोबर काळ्या बुरशीने जो अनर्थ केला, तो कोणी विसरला नसेल. ती बुरशी निराळ्या कुळातील. मधुमेह व स्टेरॉइड यांमुळे तिचे फावले. परंतु त्या वेळी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने लोकांस ज्या सूचना दिल्या, त्यांत धुळीच्या बांधकामाच्या जागी जाताना तोंडावर मास्क लावावा, ही एक होती. बांधकामाची धूळ आणि बुरशी यांचा संबंध आपल्या देशातील सर्वोच्च वैद्यकीय संस्थेने सामान्य मनुष्यास सांगितला होता. जो इशारा रस्त्याने चालणाऱ्यास दिला, तो खाटेवर पडलेल्यास किती पटींनी लागू!

थप्पीला धुरी आणि वॉर्डाला आडोसा

धान्याच्या थप्पीला धुरी देताना आपण काय करतो, ते पहा. थप्पीवर अखंड ताडपत्री घालतो. जमिनीशी कड उघडी राहू नये म्हणून वाळूने भरलेल्या लांब पिशव्या सर्व बाजूंनी दाबून ठेवतो. ताडपत्रीला सुईएवढे भोक असले तरी चिकटपट्टी लावतो. आत विषारी वायू असतो आणि तो बाहेर येता कामा नये, हे हमालाच्या पोरासही ठाऊक असते. तुरीतील भुंगा मारण्यासाठी आपण जी दक्षता घेतो, ती रुग्णास वाचविण्यासाठी घेत नाही, याची मला लाज वाटते.

रुग्णालयातील आडोशाचे तत्त्व हेच आहे. काम चालू असलेली जागा जमिनीपासून थेट छताच्या स्लॅबपर्यंत बंद करावयाची. खोट्या छतापर्यंत नव्हे, कारण त्याच्या वरच्या पोकळीतून धूळ खुशाल पलीकडे जाते. आडोसा पत्र्याचा, प्लायवुडचा अथवा जाड प्लास्टिकचा असावा व सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. त्या भागातील वातानुकूलनाची तोंडे बंद करावीत. शिवाय कामाच्या जागेतील हवा पंख्याने बाहेर ओढून घ्यावी, म्हणजे वॉर्डातील हवा कामाकडे जाईल, कामाकडील हवा वॉर्डात येणार नाही. ही हवा खिडकीतून मोकळ्या जागी, रुग्णांच्या खिडक्यांपासून दूर सोडावी. ते शक्य नसल्यास अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या गाळणीतून सोडावी. आडोशाच्या दाराच्या फटीशी उदबत्ती धरावी. धूर कामाच्या बाजूस ओढला गेला तर व्यवस्था बरोबर. वॉर्डाकडे वळला तर काम तत्काळ थांबवावे. ही परीक्षा करण्यास इंजिनियर लागत नाही, देणगीदारही ती करू शकतो.

अमेरिकेत व इतर देशांत काम आरंभिण्यापूर्वी एक तक्ता भरण्याची पद्धत आहे. एका बाजूस कामाचे प्रकार: नुसती पाहणी, किरकोळ दुरुस्ती, धूळ उडविणारे काम आणि मोठी पाडापाड. दुसऱ्या बाजूस रुग्णांचे वर्ग: कार्यालयातील माणसांपासून तो शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग व कर्करोग विभागापर्यंत. दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे कोणती दक्षता घ्यावयाची ते लिहिलेले असते. या तक्त्यावर डॉक्टर, परिचारिका, इंजिनियर व ठेकेदार या सर्वांच्या सह्या होतात. आपण मालाची बिल्टी सहीवाचून स्वीकारीत नाही. मग भिंत सहीवाचून का पाडावी?

पाणी, पत्रे आणि दगड

हवेनंतर पाणी. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले होते. तेथे न्यूमोनियाची साथ होऊन सुमारे तीस माणसे दगावली. पुढे त्या जंतूस लीजनेला असे नाव मिळाले. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो. २० ते ४५ अंश उष्णता त्यास मानवते. आपल्या भागात वैशाखात गच्चीवरील टाकीचे पाणी तेवढेच तापते, हे निराळे सांगावयास नको. बांधकामात नळ महिनोन् महिने बंद राहतात व पाणी आत साचून राहते; काम संपताच तेच पाणी रुग्णास मिळते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे २०१५ साली उघडलेल्या भव्य रुग्णालयात पाण्याविषयी अशा शंका उत्पन्न झाल्या की, २०१८ साली कर्करोगग्रस्त बालकांचे दोन वॉर्ड रिकामे करावे लागले आणि पुढे सरकारला चौकशी नेमावी लागली. नवी इमारत म्हणजे सुरक्षित इमारत नव्हे, हा त्याचा धडा. सबब नवा भाग उघडण्यापूर्वी टाक्या धुवाव्यात, जंतुनाशक घालावे, प्रत्येक नळ पुष्कळ वेळ वाहू द्यावा आणि पाण्याची तपासणी करावी. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजास याचे महत्त्व पटवावे लागू नये.

ओल ही बुरशीची आई. गळकी वाहिनी, पावसात भिजलेले छताचे तक्ते, ओलसर भिंत ही ७२ तासांच्या आत वाळली नाहीत, तर तक्ते काढून टाकावेत, असा अमेरिकन तज्ज्ञांचा दंडक आहे. भिजलेले पोते आपण थप्पीत ठेवीत नाही, तोच न्याय.

जुन्या रुग्णालयांच्या पडव्यांवर व आपल्या वखारींवरही जे सिमेंटचे पत्रे असतात, त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असेल तोवर धोका कमी. परंतु तो घणाने फोडला, करवतीने कापला की तंतू उडतात आणि वीसतीस वर्षांनी कर्करोग करतात. म्हणून असे पत्रे पाण्याने भिजवून, स्क्रू काढून, अखंड उतरवावेत. आपल्या शहाबादची फरशी कापताना जी पांढरी धूळ उठते तीही आत उठू देऊ नये. फरशी बाहेर, पाणी सोडून कापून आणावी. काँक्रीट व वाळूच्या धुळीतील सिलिका गवंड्याच्या फुप्फुसाचे दगड करते. रुग्णाची काळजी घेताना त्या गरीब गवंड्यास व मातीची पाटी वाहणाऱ्या बाईस विसरणे हा धर्म नव्हे. त्यांना चांगला मास्क देणे हे ठेकेदाराच्या करारात लिहिलेले असावे.

राडारोडा झाकलेल्या गाडीतून, रुग्ण ये-जा करतात त्या मार्गाने नव्हे तर स्वतंत्र मार्गाने न्यावा. रुग्णालयातील सुया, पट्ट्या इत्यादी दूषित कचरा त्यात मिसळू देऊ नये. गोंगाटाचेही भान हवे. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा परिसर कायद्याने शांतताक्षेत्र ठरविला जातो, आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे.

अग्नीचे भय तर सर्वांत दारुण. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या विभागास आग लागून दहा बालके गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील नव्याने बांधलेल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि अकरा रुग्ण दगावले. दुरुस्तीच्या काळात वायरी उघड्या असतात, वेल्डिंग चालते, बाहेर पडण्याच्या वाटेत सामान रचलेले असते. ती वाट एक तासही अडू देता कामा नये.

खर्च आणि मुहूर्त

काही सभासद म्हणतील, हे सर्व मोठ्या शहरांना परवडते. मी हिशोबी मनुष्य आहे, म्हणून हिशोबच सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डाचे काम निघाले. या वेळी मी समितीत हट्ट धरला. प्रथम रुग्ण हलविले. प्लायवुडचा आडोसा छतापर्यंत केला, दोन पंखे बसविले, दाराशी ओले पायपुसणे ठेवले आणि रोज सकाळी उदबत्तीची परीक्षा एका परिचारिकेकडे सोपविली. झाडू बंद करून ओल्या फडक्याने पुसण्याचा नियम केला. एकूण खर्चात रुपयामागे साडेतीन पैसे वाढले आणि काम तीन आठवडे लांबले. मुहूर्त पुढे गेला. देणगीदारांपैकी कोणी रुसले नाही. रुसतील ही माझी पूर्वीची समजूत खोटी होती. पहिल्या वेळी मी वाचविलेले पैसे वहिनींच्या इंजेक्शनांच्या पहिल्या चार दिवसांनाही पुरले नव्हते.

म्हणून संघापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली: आपल्या संघातर्फे अथवा सभासदांकडून रुग्णालयाच्या इमारतीस देणगी दिली जाईल, तेव्हा काम चालू असताना रुग्णांच्या संरक्षणाची लेखी योजना मागावी आणि देणगीचा एक भाग त्यासाठीच राखून ठेवावा. दुसरी: इमारत समितीवर व्यापारी व ठेकेदार यांच्याबरोबर एक डॉक्टर व एक अनुभवी परिचारिका अवश्य असावी, आणि काम थांबविण्याचा अधिकार त्यांना असावा. तिसरी: उद्घाटनाची पत्रिका हवापाण्याची तपासणी पुरी झाल्याखेरीज छापू नये.

सभासदांच्या कुटुंबीयांसही एक सांगणे आहे. घरातील कोणी कर्करोगाचे औषध घेत असेल, कोणास मूत्रपिंड बसविले असेल, तर रुग्णालयात ठेवण्यापूर्वी शेजारी तोडफोड चालू आहे काय, हे विचारावे. असल्यास दुसरी खोली मागावी, दार बंद ठेवावे आणि रुग्णास त्या बाजूने नेणे टाळावे. न्यावेच लागल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य मास्क लावावा. विचारण्यात संकोच करू नये. डॉक्टरांस राग येत नाही. बहुतेक वेळा त्यांना आधारच वाटतो, कारण तेही समितीला हेच सांगत असतात.

त्या डॉक्टरीणबाई आता दुसऱ्या गावी असतात. गतवर्षी त्यांची भेट झाली, तेव्हा मी हात जोडून म्हणालो, "बाई, त्या वेळी तुमचे ऐकावयास हवे होते." त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग एवढेच म्हणाल्या, "शेठजी, दुसऱ्या वेळी ऐकलेत ना? आता इतरांनाही सांगा."

औषधदानाबरोबर आपल्याकडे अभयदानही सांगितले आहे. रुग्णालयात आलेल्या माणसास तेथील भिंतीचे, पाण्याचे व हवेचे भय नसावे, हे अभयदान कोनशिलेवर कोरता येत नाही. परंतु ते दिल्यावाचून औषधदान पुरे होत नाही. त्या बाईंनी सांगितलेले काम या लेखाने थोडे पार पडले, तर माझ्या शिरावरील ऋण काही अंशी उतरले असे मी मानीन.